जेबेझ हार्करची मागची भिंत

जेबेझ हार्करने एकदा भरल्या चॅपलमध्ये उभं राहून सांगितलं की देवाच्या कृपेने आपल्या मनात आता कुणाबद्दलही अढी उरलेली नाही. शोधली, पण सापडली नाही.

हे त्याने शेखी मिरवायला सांगितलं नव्हतं. आमच्या मेथडिस्ट मंडळीत प्रीतिभोजनाच्या दिवशी दोन कानांचा मोठा प्याला हातोहात फिरतो, सोबत शहाजिरं घातलेल्या केकचा तुकडा असतो, आणि ज्याला देवाने काही दिलं असेल त्याने उठून ते सांगायचं असतं. कुणी सांगतं दारू सुटली, कुणी सांगतं भावाशी बोलणं सुरू झालं. आणि आमची जुनी शिकवणच अशी, की माणूस मरायच्या आधी, याच देहात, प्रेमात परिपूर्ण होऊ शकतो. बाकीच्या पंथांना हे ऐकून घाम फुटतो. फुटतो तसा आमच्या लोकांनाही, म्हणून ते रविवारी मान डोलावतात आणि सोमवारी विसरतात. जेबेझ विसरला नाही, एवढंच.

मागच्या बाकावरून थॉमसिन रॉ म्हणाली, "अढी नाही ना? मग मंगळवारी माझ्या कुत्र्याला ढेकूळ मारलंस ते प्रेमाने?"

"प्रेमानेच," जेबेझ म्हणाला. "नेम चुकवून मारलं."

सगळं चॅपल हसलं. जेबेझ सर्वांत मोठ्याने हसला आणि प्याला पुढे दिला. ही १९२५ सालची गोष्ट. मी तेव्हा यॉर्कशरच्या त्या डोंगरखोऱ्यात, गिलसाइडच्या शाळेवर नुकतीच बाई म्हणून आले होते आणि थॉमसिनच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. थॉमसिन गावची पोस्टमास्तरीण. पत्र फोडायची नाही, पण पाकीट हातात घेऊन आत काय असेल ते सांगायची आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं. मी तिच्या चॅपलमध्ये जायचे, तिच्या चुलीवरचं खायचे. तेव्हा माझ्या सांगण्यात थोडा तिच्याकडे कल दिसला, तर समजून घ्या.

जेबेझ गडगे रचायचा. आमच्या डोंगरावर शेताला कुंपण म्हणजे दगडाचा गडगा, चुना नाही की माती नाही, दगडावर दगड. गावाभोवतीचे निम्मे गडगे त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातचे. त्याचे दोन नियम पोरांनाही पाठ होते. पहिला, हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही. उचललास ना, मग त्याला जागा शोध. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. दगडाची लांबी भिंतीच्या आत गेली पाहिजे, बाहेर दिसायचं ते फक्त त्याचं डोकं. शिकाऊ माणूस हटकून उलटं करतो, लांबलचक देखणा दगड आडवा लावतो. भिंत चित्रासारखी दिसते. आत धरायला मात्र काही नसतं, आणि कधीतरी ती पोट काढते.

"दाखवायला लावलेला दगड," जेबेझ म्हणायचा, आणि असा दगड दिसला की भर पावसात थांबून तो ओढून काढायचा, मग गडगा कुणाचा का असेना.

दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता त्याच्या घरी दहा-बारा माणसांचा वर्ग बसायचा. वर्ग म्हणजे एकेकाला नाव घेऊन विचारायचं, मन कसं आहे? हवापाण्याच्या गप्पा चालायच्या नाहीत. त्याची बायको रोडा दर गुरुवारी एकच उत्तर द्यायची, "मन बरं आहे, गुडघे वाईट आहेत." जेबेझ ते गंभीरपणे ऐकून घ्यायचा आणि दोन्हींसाठी प्रार्थना करायचा. त्याच्याशी कितीही वाद घाला, दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दारात कोबी ठेवून जाणार. अढी नाही म्हणाला ते काही खोटं नव्हतं, हे मी थॉमसिनच्या पक्षाची असूनही सांगते.

एकच गोष्ट तो मिरवायचा. जेबेझचं वरचं चॅपल १८७९ साली गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी चुन्यात बांधलं, तेव्हा जेबेझचा बाप मुख्य गवंडी होता आणि जेबेझ चौदा वर्षांचा. डोंगराकडची मागची भिंत कुणाला दिसत नाही म्हणून बापाने तिचा खालचा भाग पोराला दिला. पोराने तो असा रचला की बापाने गावाला बोलावून दाखवला. "जा, मागे जाऊन बघून या," जेबेझ नवख्यांना सांगायचा. मीही जाऊन बघून आले होते. खरंच सुंदर होती.

आमच्या गावात चॅपलं दोन होती, एक वर आणि एक खाली, मध्ये साठ पावलं आणि एक ओढा. शंभरेक वर्षांपूर्वी कुठल्याशा भांडणातून मेथडिस्टांच्या पात्या, म्हणजे शाखा, पडल्या. वरचं चॅपल थोरल्या पातीचं, खालचं धाकट्या पातीचं, म्हणजे आमचं. थोरल्या पातीला वाटायचं आम्ही फार ओरडून गातो. आम्हाला वाटायचं ते झोपेत गातात. ओळ तीच, चालही तीच. प्रीतिभोजनाला तेवढे दोन्हीकडचे एकत्र बसत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

१९३२ साली लंडनमध्ये मोठ्या मंडळींनी सह्या केल्या आणि सगळ्या पात्या एक झाल्या. पत्र थॉमसिनच्याच हातून गावात आलं. पाकीट हातात घेऊन ती म्हणाली, "यात भांडण आहे."

दोन चॅपलांचं एक करायचं, म्हणजे एक बंद करायचं. वरचं मोठं होतं, पडवी असलेलं, दगडी कमानीचं. खालचं लहान, दारातून सरळ पाऊस आत, पण भिंती कोरड्या आणि आत ऊब. वरच्यांची मनं आपल्या भिंतीत अडकली होती आणि आमची आमच्या. थॉमसिन खाली तीस वर्षं हार्मोनियम वाजवत होती. वर आधीच मोठा ऑर्गन होता आणि तो वाजवणारा जेबेझचा एक पुतण्याही होता, म्हणजे खालचं बंद झालं की तिने हात बांधून बसायचं.

आणि वर, दाराशेजारी आतल्या भिंतीत, पाटीच्या दगडाचा एक तुकडा बसवला होता. त्यावर रुबेन हार्करचं नाव. जेबेझ आणि रोडाचा एकुलता एक मुलगा १९१७ साली फ्रान्समध्ये लढाईत गेला. त्याला कबर नाही, सापडला असता तर मिळाली असती. त्या तुकड्यावर दर रविवारी बाहेर पडताना रोडा तळहात ठेवायची, दार लावताना ठेवतो तसा, आणि घरी जायची. तिला थांबून रडताना कुणी पाहिलं नाही.

दोन्ही चॅपलांची बैठक झाली. नवे पाळक लँगस्टाफ सव्वीस वर्षांचे, अंगावर कोट नवा आणि गावची भांडणंही नवीच. ते म्हणाले, "आपण मत देण्याआधी देवाची इच्छा काय आहे ते विचारू या. चाळीस दिवस दोन्ही चॅपलांनी प्रार्थना करावी." कल्पना सगळ्यांना फार आवडली. चाळीस दिवस वर दिवा लागला, खाली दिवा लागला. जेबेझने तर दुपारचं जेवणही सोडलं. लोक एवढ्या मनापासून प्रार्थना करत होते की ओढ्याच्या पुलावर भेटले तर एकमेकांना आधी वाट द्यायचे.

एकेचाळिसाव्या दिवशी सगळे जमले. जेबेझ उठला आणि स्वच्छ, शांत आवाजात म्हणाला, "देवाने आम्हाला उत्तर दिलं आहे. मंडळीने वरच्या चॅपलमध्ये एकत्र यावं."

थॉमसिन उठली. "आम्हालाही दिलंय. खालच्या चॅपलमध्ये."

पाळक लँगस्टाफ खिशात रुमाल शोधू लागले.

"थॉमसिन," जेबेझ म्हणाला, "मी चाळीस दिवस दुपारचा जेवलो नाही. मी देवाला विचारलं."

"विचारलंस, की कळवलंस?" थॉमसिन म्हणाली. "आमच्या पोस्टात दोन्हींचे फॉर्म वेगळे असतात."

यावर कुणी हसलं नाही, आणि त्या दिवशी काही ठरलंही नाही. जेबेझने दुसऱ्या दिवशी थॉमसिनच्या दारात कोबी ठेवला. तिने तो शिजवला आणि मला म्हणाली, "कोबी गोड आहे, मेला. याच्यावर धड रागावताही येत नाही."

वर्षभर घोडं तिथेच अडलं. शेवटी मोठ्या मंडळींचा हुकूम आला की १९३४च्या जानेवारीत, कराराच्या रविवारनंतरच्या सोमवारी, मत घ्या आणि मोकळे व्हा. वरच्यांची डोकी एकतीस, आमची बावीस. निकाल काय लागणार ते शाळेतल्या पोरांनाही कळत होतं. थॉमसिनने हार्मोनियमवर घालायला जुन्या चादरीचं आच्छादन शिवायला घेतलं. ती शिवत असताना मी तिच्याशी बोलत नसे.

आता कराराचा रविवार म्हणजे काय ते सांगते. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे उभे राहतो आणि स्वतःला देवाच्या स्वाधीन करतो. साध्या शब्दांत सांगायचं तर, मला कामाला लाव किंवा बाजूला बसव, मोठेपणा दे किंवा तो काढून घे, माझी तक्रार नाही. हे एका दमात सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. आमच्या लोकांना देवाची इच्छा कळली नाही तरी चालतं, पण ती मान्य आहे असं वर्षातून एकदा म्हणावंच लागतं. म्हणून कित्येक जण त्या रविवारी नेमके आजारी पडतात.

त्या वर्षी दोन्ही पात्यांचा करार एकत्र, वरच्या चॅपलमध्ये ठेवला होता. सकाळचे साडेदहा. आठवडाभर पाणी गोठवणारी थंडी होती, त्या दिवशी मात्र ऊन पडलं होतं आणि छतावरून पाणी ठिबकत होतं. चॅपल शिगोशीग भरलं. माझ्याकडे दोन्ही चॅपलांची मिळून चोवीस पोरं. त्यांना बसायला जागाच उरली नाही, तेव्हा मी त्यांना घेऊन व्यासपीठाच्या बाजूने मागे गेले. मागच्या भिंतीला लागून गीतपुस्तकांचं मोठं कपाट होतं, त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीवर मी पोरांना बसवलं. ते कपाट पूर्वी दाराशी असायचं. जेबेझने चार-पाच वर्षांपूर्वी ते एकट्याने ओढून तिथे नेलं होतं. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

सगळे उभे राहिले. पाळकांनी सुरुवात केली आणि मंडळीने आवाज दिला. वरच्या चॅपलमध्ये सगळे जेबेझच्या आवाजाच्या अर्धा शब्द मागून चालायचे, कारण त्याचा आवाज घंटेसारखा होता. कामाला लाव, बाजूला बसव. जेबेझ माझ्या समोर, व्यासपीठाच्या कडेला उभा होता. त्याने डोळे उघडले आणि त्याला पोरं दिसली.

तो थांबला. तो थांबला म्हणून पहिला बाक थांबला, मग दुसरा, आणि हळूहळू सगळं चॅपल वाक्याच्या मध्येच गप्प झालं. पाळक एकटेच चार शब्द पुढे गेले आणि तेही थांबले.

"बाई," जेबेझ मला म्हणाला, "पोरांना तिथून उठवा."

मला वाटलं पोरांनी काही खोडी केली. "शांत बसलीत हो, काका."

"उठवा म्हणतो ना! आत्ता. सावकाश, कपाटाला धक्का न लावता. इकडे माझ्या बाजूला आणा."

त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी पोरांना उठवलं. शेवटचं पोर मधल्या वाटेवर येईपर्यंत तो बोलला नाही. मग तो स्वतः गेला, कपाटाच्या कडेला खांदा लावला आणि ते हातभर सरकवलं. मागे भिंतीला पोट आलेलं होतं. चांगलं परातीएवढं, गिलाव्याला आडव्या भेगा, आणि खाली जमिनीवर ताज्या गिलाव्याचा सडा. एका खिळ्याला दोरा बांधून सोडलेला होता, म्हणजे पोट किती वाढतंय ते मोजता यावं.

"पाच वर्षं मला ठाऊक आहे," जेबेझ म्हणाला. "दर वसंतात मोजतो. आधी बोटभर होतं. काल मूठभर गिलावा पडला, तो मी झाडून टाकला, रात्रीत आणखी पडला. हे चॅपल आणखी दोन हिवाळे काढणार नाही. मला हे ठाऊक होतं, आणि मी उभा राहून तुम्हाला देवाची इच्छा सांगितली."

कुणीतरी खोकलं. वरच्यांपैकी एक जण पुटपुटला, "उद्या मत होतं रे, एकच दिवस!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"होय, एकच दिवस," जेबेझ म्हणाला. "पण ती पोरं आज बसली होती. आणि मी म्हणत होतो, मला बाजूला बसव. पुढचा शब्द तोंडातून निघेना. पाळकसाहेब, माफ करा. मला हा करार म्हणता येत नाही." आणि तो टोपी घेऊन दाराबाहेर गेला. दाराशेजारच्या पाटीकडे त्याने पाहिलं नाही.

रोडा बाकावर तशीच बसून राहिली होती. नंतर मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ती चुलीपाशी उभी राहून त्याला बोलत होती आणि मी आल्यावरही थांबली नाही.

"पाच वर्षं! पाच वर्षं मला नाही सांगितलंत?"

"तुझी रुबेनची जागा गेली असती, रोडा."

"माझ्यावर ढकलू नका. रुबेन काय त्या भिंतीत आहे? मला माहीत आहे तो कुठे आहे आणि कुणापाशी आहे. मला एक हात ठेवायला जागा हवी, बस्स. ती मी गोठ्याच्या दारावरही ठेवीन. तुम्हाला तुमची चौदाव्या वर्षीची भिंत सोडवत नव्हती, हे म्हणा."

जेबेझने बुटांवरून नजर वर केली. "तेच," तो म्हणाला. "तेच आहे."

मी आजवर पुष्कळ माणसांना आपली चूक कबूल करताना पाहिलं आहे. बहुतेक जण कबुलीच्या मागे एक 'पण' ठेवतात, दार किलकिलं ठेवावं तसा. जेबेझने ठेवला नाही. त्या दिवशी मला तो फार मोठा वाटला, आणि मी हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं.

सोमवारी मत झालंच नाही, गरज उरली नव्हती. थॉमसिनने सकाळी पोस्ट उघडायच्या आधी वर जाऊन ती भिंत पाहिली. मला वाटलं, आता हिच्या जिभेला धार येईल. ती परत आली आणि हार्मोनियमचं अर्धं शिवलेलं आच्छादन घेऊन उसवायला बसली.

"जिंकलीस," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. "पण विनी, मी तरी कुठे विचारलं होतं गं? मीही कळवलंच होतं. माझ्या भिंतीला पोट नाही, एवढंच माझं पुण्य."

गुरुवारी जेबेझच्या घरी वर्ग भरला. आता दोन्ही पात्या, त्यामुळे पायऱ्यांवरही माणसं. जेबेझ म्हणाला की आजपासून वर्ग दुसऱ्या कुणी चालवावा. "नऊ वर्षांपूर्वी मी उभं राहून परिपूर्ण झालो असं सांगितलं. त्यातली निम्मी वर्षं कपाटामागे गेली. आता मला तोंड नाही."

पाळक लँगस्टाफनी तोंड उघडलं होतं, पण थॉमसिन त्यांच्या आधी बोलली. "तुला अढी नव्हती हे खरंच आहे. माझा कुत्रा साक्षीला आहे. पण जेबेझ, तू झालं म्हणालास आणि हात धुऊन बसलास, गडगा रचून झाल्यावर माणूस घरी जातो तसा."

"गडगा रचून झाला की पहिल्या हिवाळ्यानंतर परत जाऊन बघायचं असतं," जेबेझ म्हणाला. त्याला बिचाऱ्याला धंद्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवेना.

"मग गेला नाहीस."

"गेलो की! गेलो म्हणून तर कपाट लावलं."

पहिल्यांदा रोडा हसली, मग पायऱ्यांवरचे हसले. जेबेझही हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "चाळीस दिवस वर बघून विचारत होतो," तो म्हणाला, "आणि उत्तर पाठीमागे होतं."

"ते आता पुढे आलंय ना?" थॉमसिन म्हणाली. "मग वर्ग तूच चालव. ज्याला आपलं कपाट माहीत आहे, तोच दुसऱ्याचं हलवू शकेल. चल, विचार. माझ्यापासून सुरू कर."

जेबेझ तिच्याकडे वळला. "थॉमसिन रॉ, मन कसं आहे?"

"वाईट आहे," थॉमसिन म्हणाली. "तुझ्या ऑर्गनवाल्या पुतण्याचा आवाज मला सहन होत नाही. प्रार्थना कर." आणि त्याने केली.

एप्रिलमध्ये वरचं चॅपल उतरवायला सुरुवात झाली. छत, कमान आणि बाकं इतरांनी काढली, पण मागची भिंत जेबेझने स्वतःकडे मागून घेतली. अडुसष्टाव्या वर्षी रोज सकाळी पहार घेऊन जायचा. दोन-तीन आठवड्यांनी एका दुपारी शाळा सुटल्यावर मी आणि थॉमसिन त्याला चहा आणि ओटची भाकरी घेऊन गेलो, तेव्हा तो खालच्या थरांपाशी गवतावर बसला होता. कामाला हात लावलेला दिसत नव्हता. मला वाटलं छातीत दुखतंय.

"या, बघा," तो म्हणाला.

त्याने एक दगड ओढून काढला होता. चांगला दोन हात लांब, बाहेरचा चेहरा घासून गुळगुळीत. आणि जाडीला वीतभरही नव्हता. त्याने दुसरा ओढला, तो तसाच. तिसराही. सगळा थर लांबलचक देखण्या दगडांचा, आडवा लावलेला. मागे पोटात नुसता चुरा आणि चुना.

"लांबी सगळी बाहेर," जेबेझ म्हणाला. "आत काही नाही. चौदा वर्षांचा होतो, बापाला दाखवायचं होतं. जन्मभर लोकांच्या भिंतीतून हाच दगड ओढून काढत आलो, आणि माझ्या स्वतःच्या..."

"तुझ्या बापाला कळलं नसेल होय?" थॉमसिनने विचारलं. "एवढा मोठा गवंडी."

जेबेझने विचार केला. "कळलं असणार. पहिल्याच नजरेत कळलं असणार. पण गाव गोळा करून दाखवत होता, एवढा खूश होता. पोराने मनापासून केलं होतं ना." त्याने दगडावरून हात फिरवला. "पुढचे सगळे थर वरून त्यानेच रचले. मला वाटायचं घाई आहे म्हणून. माझ्या थरांच्या डोक्यावर त्याने आपले लांब दगड आत खोल घातले, वरचा भाग उतरवला तोवर सरळ होता. पंचावन्न वर्षं ही भिंत उभी होती ती त्याच्या दगडांच्या जोरावर."

आम्ही तिघं तिथे चहा प्यायलो. जेबेझने परत परिपूर्ण हा शब्द उच्चारला नाही. पण मी तेव्हापासून तो शब्द ऐकला की मला मंडळीची शिकवण नंतर आठवते, आधी तो म्हातारा आठवतो, गवतावर बसून आपल्याच दगडाला हसत डोळे पुसणारा. देवाने माणसाला परिपूर्ण म्हटलं तर ते त्या बापासारखंच म्हणत असेल, असं माझं ठाम मत आहे. कुणाला पटलं नाही तर त्याने आपल्या पाळकाशी वाद घालावा.

उन्हाळ्यात त्याने खालच्या चॅपलला पडवी बांधली. दगड सगळे वरचे, उतरवलेले. आमच्या दारातून पन्नास वर्षं पाऊस आत येत होता, पण थोरल्या पातीची नक्कल नको म्हणून आम्ही पडवी बांधली नव्हती. थॉमसिन रोज पोस्ट बंद करून कंत्राटदारासारखी पाहणी करायला जायची. पडवी पुरी झाली त्या दिवशी तिने मागे होऊन, मान वाकडी करून ती बघितली.

"वरून एवढे मोठमोठे दगड उतरवलेस," ती म्हणाली, "आणि इथे सगळी मुठीएवढी डोकी? गावाने विचारलं तर काय सांगू? चांगले दगड कुठे गेले?"

"आत आहेत," जेबेझ म्हणाला.

पुढच्या जानेवारीत करार आमच्याकडे झाला. हार्मोनियम चांगली चार पावलं सरकवून ऑर्गनवाल्या पुतण्याला शेजारी खुर्ची दिली होती, आणि थॉमसिन त्याला दर दोन ओळींनी कोपराने ढोसत होती. जेबेझ मागच्या बाकावर उभा होता, पोरांमध्ये. तो सगळं वाक्य शेवटपर्यंत म्हणाला. मोठ्याने नाही. आम्ही सगळे त्याच्या अर्धा शब्द मागून चाललो, तेवढंच हळू.

उपासना संपल्यावर रोडा सर्वांत शेवटी बाहेर आली. पडवीत डाव्या हाताला, तिच्या खांद्याच्या उंचीवर, रुबेनच्या नावाचा तुकडा बसवला होता. बाहेर पायऱ्यांवर बर्फ होता आणि तिचे गुडघे वाईट. तिने नावावर तळहात ठेवला, अंगाचा सगळा भार त्यावर टाकला, आणि एकेक पायरी खाली उतरली. भिंत जागची हलली नाही.